सावली नसलेला खडा

८ फेब्रुवारी
जहाजावरून, बंदरात

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. त्यात तीन ओळी नानांच्या पोटदुखीवर आणि दोन पानं माझ्या दाढीवर. दाढी काढली, आता खूश? नानांच्या पोटाचं मात्र नीट सांग. "अधूनमधून दुखतं" म्हणजे काय? नाना आपण होऊन दुखतं म्हणाले असतील, तर ते चांगलंच दुखत असणार. आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त केली त्यांनी, पण स्वतःचं तोंड उघडायची किल्ली काही कुणाला दिली नाही.

हे पत्र घाईने लिहितोय, कारण एक निर्णय अडलाय. आमचं जहाज पुढच्या महिन्यात दक्षिणेकडे निघेल आणि समुद्राचा तळ मोजत थेट शरद ऋतूपर्यंत तिकडेच राहील. त्याआधी हंगामाच्या करारावर सही करायची आहे. एक बदली माणूस सध्या बंदरात मोकळा बसलाय, तो माझ्या जागी जायला तयार आहे. तेव्हा मी सही न करता सरळ घरी येऊ शकतो. पण एकदा जहाज निघालं की मध्येच उतरणं म्हणजे कप्तानाच्या मिनतवाऱ्या करणं. फोन करावा तर तो कप्तानाच्या टेबलावर असतो आणि कप्तान त्या टेबलावरून हलत नाही. शिवाय नानांना फोनवर धड ऐकूही येत नाही. तर मला खरं खरं सांग, येऊ का? तू ये म्हणालीस तर येईन, राहा म्हणालीस तर राहीन. तुझ्यावर सोडलंय.

दुसरं, आमच्या आचाऱ्याशी माझी पैज लागली आहे. तो म्हणतो, दवाखान्यात पोट तपासायचं यंत्र आणि आमचं समुद्र तपासायचं यंत्र एकच. मी म्हटलं, माझी ताई दिवसभर तेच करते, तिलाच विचारतो. नानांना तपासलंस की त्यांच्या पोटातलं चित्र काढून पाठव. आपल्या घरातलं पहिलं सर्वेक्षण!

तुझा,
ठोंब्या


१९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आचाऱ्याला सांग, तो जिंकला. आणि तू एवढी वर्षं समुद्राच्या पोटात आवाज सोडतोस, तुला हे माहीत नव्हतं? धन्य आहेस.

आधी नाना. परवा त्यांना माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर झोपवलं आणि मीच पाहिलं. पित्ताशयात खडा आहे. बोराएवढा. शंभरातल्या दहाजणांना असतो, पुष्कळांना कळतही नाही. पथ्य, गोळ्या, आणि पुढे वाटलंच तर छोटं ऑपरेशन. काळजीचं काही नाही. तेव्हा मुकाट्याने सही कर आणि जा. इथे येऊन तू काय करणार, माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून पातेल्यातलं खाणार. मी आहे इथे.

आता धडा ऐक. आमचा आवाज इतका बारीक, म्हणजे इतक्या उंच सुराचा, की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, कुत्र्यालाही नाही. हातातली ती मुठीएवढी वस्तू कातडीवर टेकवायची, ती आवाज आत सोडते आणि मग गप्प बसून परतीची वाट बघते. जिथे एक प्रकारचं मांस संपून दुसरं सुरू होतं, तिथून थोडा आवाज परत येतो. किती वेळाने आला यावरून किती खोल, आणि किती जोरात आला यावरून पडद्यावर किती उजळ. हवा मात्र आमची वैरीण. कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये जराशी हवा राहिली तरी आवाज तिथूनच मागे फिरतो. म्हणून तो थंडगार चिकट लेप लावायचा. नाना म्हणाले, "हे माझ्या कुलपांना लावतो त्या वंगणासारखं आहे, पण तुझं जास्त गार आहे."

बारीक आवाज घेतला तर चित्र रेखीव येतं, पण तो लवकर दमतो, खोल पोहोचत नाही. जाडा घेतला तर खोल जातो, पण चित्र धूसर. जाडजूड पेशंट आला की आमची पंचाईत. नाना सुकलेले आहेत, त्यामुळे चित्र काचेसारखं आलं.

पित्त म्हणजे पाणीच, ते काळं दिसतं. पाण्यातून आवाज न दमता जातो, म्हणून त्याच्यामागचा भाग उलट जास्त उजळ दिसतो. खड्याचं बरोब्बर उलट. तो समोरून झगझगीत दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण आवाज त्याला ओलांडून जाऊच शकत नाही. आणि पेशंटला कुशीवर वळवलं की खडा घरंगळतो. आम्हाला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सावली बघा आणि हलवून बघा.

चित्र वेगळ्या कागदावर काढून सोबत ठेवलंय. माझी चित्रकला तुला माहीत आहे, हसू नकोस. मी पत्र टेबलावर ठेवून कामावर जातेय. नाना खाली चार ओळी लिहितो म्हणाले आहेत, तेच पेटीत टाकतील.

तुझी,
ताई

चि. ठोंब्यास,
तुझ्या ताईने मला धुण्याच्या कपड्यासारखं उलटंपालटं केलं. उताणे झोपा, डावीकडे वळा, उठून बसा, परत डावीकडे. खडा काही जागचा हलला नाही. चित्र छान काढलंय तिने, नीट बघ. इकडे थंडी आहे. तू सावल्या वाचायचं काम करतोस असं मी सगळ्यांना सांगतो, लोकांना पटत नाही.
नाना


६ मार्च
जहाजावरून

प्रिय ताई आणि नाना,

सही केली! बदली माणसाला नाही म्हणून सांगितलं, तो बिचारा हिरमुसला. उद्या सुटतोय.

ताई, खडा आहे कळल्यावर जीव भांड्यात पडला. मी उगाच काय काय मनात आणत होतो. परवा तर मी बॅगही भरून ठेवली होती. तुझं पत्र वाचून ती परत रिकामी केली.

आचाऱ्याने पैज जिंकली म्हणून मला त्याची भांडी घासावी लागली. घासता घासता मी त्याला तुझा धडा वाचून दाखवला आणि तो इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या पित्ताशयावर हात ठेवून जेवण बनवलं. आमचंही असंच आहे बघ. दोरीला बांधलेला एक लांबट नळा आम्ही पाण्यात ओढत नेतो, त्याला सगळे मासा म्हणतात. तो दोन्ही बाजूंना आवाज फेकतो. तळावर काही उंच असलं, खडक, बुडालेली बोट, तर ते उजळ दिसतं आणि त्याच्यामागे सावली पडते. गंमत म्हणजे वस्तूपेक्षा सावलीच जास्त बोलते. सावली किती लांब त्यावरून उंची काढायची. मागच्या हंगामात एक बोट सापडली, ती पडद्यावर नुसता ठिपका होती, पण तिच्या सावलीत डोलकाठीसकट सगळं दिसत होतं. तेव्हा नाना, लोकांना पटत नसेल तर सोडून द्या. तुमचा मुलगा पोटापाण्यासाठी सावल्याच वाचतो.

एक फरक मात्र आहे. आवाज किती वेगाने धावतो हे आम्हाला रोज मोजावं लागतं. पाणी गरम झालं, खारट झालं की वेग बदलतो आणि खोली चुकते. तुमच्याकडे हे कसं करता? प्रत्येक पेशंटचा वेग मोजता का?

ताई, तुझं चित्र मी पडद्याच्या वर भिंतीला चिकटवलंय. नासपतीसारखी पिशवी, आत नानांचा खडा. येता-जाता त्याला सलाम ठोकतो.

तुमचा,
ठोंब्या


२ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. बोटीच्या सावलीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "आणि सही केली म्हणतो ना?" मी म्हटलं, हो. "बरं केलं," म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले.

हल्ली झोपतात जास्त. थोडी कावीळ झाली आहे, खडा वाटेत अडकला की होते तशी. ऑपरेशन सूज उतरल्यावर बघू म्हणतात. सूप घेतात, उकडलेला बटाटा घेतात. कंटाळले की जुनं कुलूप मांडीवर घेऊन बसतात.

तू वेगाचं विचारलं होतंस. नाही रे, आम्ही मोजत नाही. यंत्र धरून चालतं की माणसाच्या आत आवाज सगळीकडे सारखाच धावतो, सेकंदाला दीड किलोमीटरहून थोडा जास्त. खरं तर चरबीत तो मंद होतो, मग मागची वस्तू असते त्यापेक्षा जराशी लांब दिसते. पण तेवढ्याने कुणाचं बिघडत नाही. गृहीत धरल्याशिवाय चित्रच उमटत नाही.

काम खूप आहे, जास्त लिहीत नाही. तुझ्या पत्रांत उगाच नानांना प्रश्न विचारू नकोस, उत्तर द्यायला बसले की दमतात. आपलं हवापाणी लिही, आचाऱ्याचं लिही.

ताई


२८ एप्रिल
समुद्रात

ताई,

या पत्रात हवापाणी नाही.

आमच्याकडे पडद्यावर दोघं आळीपाळीने बसतो, मी आणि एक बाई. नजर इतकी तीक्ष्ण की सगळे तिला घार म्हणतात. तिची जागा माझ्या मागे असते, त्यामुळे भिंतीवरचं चित्र तिने कधी धड पाहिलं नव्हतं. काल माझा पडदा बिघडला म्हणून ती शेजारी येऊन बसली आणि वर बघून म्हणाली, "हे काय आहे?" मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या पित्ताशयातला खडा, माझ्या बहिणीने काढलाय. ती हसली. म्हणाली, "मग याची सावली कुठाय?"

मी म्हटलं, विसरली असेल. आणि म्हणतानाच मला कळलं की तू विसरणारी नाहीस. पिशवीच्या मागचा भाग तू उजळ दाखवलायस, पेन्सिल हलकी फिरवून, तू शिकवलंस अगदी तसा. एवढी बारीक गोष्ट तू विसरली नाहीस, आणि सावली विसरलीस? तो गोळा पिशवीत मोकळा पडलेला नाही, भिंतीला चिकटलाय. झगझगीत नाही, करडा आहे. मग मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढलं. "सावली बघा आणि हलवून बघा." त्याच्याच खाली नानांच्या अक्षरात, "खडा काही जागचा हलला नाही."

ताई, तो खडा नाही. ते काय आहे हे सांगायला मला घारीची गरज नाही आणि तुझीही नाही. आता ही कावीळ, ही झोप, सूप आणि बटाटे. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तुला विचारलं होतं गं. येऊ का म्हणून सरळ विचारलं होतं, तुझ्यावर सोडलंय म्हणून लिहिलं होतं. तू मला काय केलंस? मला आवाज कसा परततो ते शिकवलंस, विनोद केलेस, पातेल्यातलं खाशील म्हणालीस, आणि त्याच कागदावर माझा बाप माझ्यापासून काढून घेतलास. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुझ्याबाबतीत मला शिव्याही सुचत नाहीत. काल रडायला म्हणून इंजिनाच्या खोलीत गेलो, तिथे आवाज असतो.

कप्तानाच्या हातापाया पडलो. पडद्यावर आम्ही दोघंच, एकटी घार चोवीस तास बसू शकत नाही, बदली माणूस येईपर्यंत सोडता येणार नाही म्हणाला. तोही बरोबरच आहे. आज रसदेची बोट आली आहे, हे पत्र तिच्यातून जाईल. पुढची महिनाअखेरीस येईल, तिच्यातून बदली माणूस येईल आणि मी निघेन. तोवर नानांना सांभाळ. आणि मला खरं लिही, एकदा तरी.

(सही करत नाही. माझं नाव तुला माहीत आहे.)


९ मे

ठोंब्या,

खरं लिहिते.

त्या दिवशी मी यंत्र टेकवलं आणि पहिल्याच क्षणी दिसलं. मी नानांना पाच-सहा वेळा वळवलं, कारण मला तो हलायला हवा होता. तो हलेना. यकृतातही डाग होते. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, पुढच्या तपासण्या झाल्या. कापून काढण्यापलीकडे गेलंय म्हणाले. मी हात जोडून त्यांना विनवलं की नानांसमोर खडा म्हणा. त्यांना ते आवडलं नाही, पण नानांनी काही विचारलंच नाही, म्हणून तेही बोलले नाहीत.

तुला का सांगितलं नाही? कारण तुझं तोंड. लहानपणी कपबशी मी फोडायची आणि नाना तुझ्या तोंडाकडे बघून मला पकडायचे, आठवतं? तू दारात उभा राहिला असतास आणि नानांना त्याच मिनिटाला सगळं कळलं असतं. मला त्यांचे उरलेले दिवस साधे हवे होते. कुलूप, सूप, माझ्यावर चिडणं. ते मी त्यांना दिले. रोज हसत दिले. तू समुद्रावर बसून माझ्यावर वाटेल तेवढं ओरड, पण सकाळी त्यांचं तोंड धुताना हसायचं काय असतं ते तुला माहीत नाही.

चित्राचं म्हणशील तर मी खोटं काढायला बसले होते. खरंच. पण पेन्सिल हातात घेतली की हात जे पाहिलंय तेच काढतो, एवढ्या वर्षांची सवय. सावली काढायला गेले आणि जमलं नाही. मनात म्हटलं, याला पोटातलं काय कळतंय.

तुला फसवलं. हो. नानांसाठी केलं म्हटलं तरी फसवलंच. तू ये. मात्र आलास तर उंबऱ्याबाहेरच तोंड नीट करून आत ये. त्यांना अजूनही काही माहीत नाही.

ताई


११ मे

चि. ठोंब्यास,

शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडे हे पाकीट टाकायला देतोय. तुझ्या ताईला सांगणार नाही असं त्यांनी कबूल केलंय. हात कापतो, अक्षर लावून वाच.

तुझं शेवटचं पत्र ताईने मला वाचून दाखवलं नाही. पाकीट आलेलं मी पाहिलं होतं, आणि संध्याकाळी तिचे डोळे पाहिले. म्हणजे तुला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

मला त्या टेबलावरच कळलं होतं. चाळीस वर्षं आंधळ्यासारखी कुलपं उघडली. किल्ली आत अडते तेव्हा हाताला समजतं. तिचा हात माझ्या बरगडीखाली सुरळीत फिरत होता, एका जागी अडला. मग ती फार बोलायला लागली. खडा म्हणाली. मी म्हटलं, बरं.

तिला मी कधी कळू दिलं नाही. तिला वाटतं, माझ्यापासून लपवून ती माझ्यासाठी काहीतरी करते आहे. तिच्या हातात दुसरं काय आहे? ते काढून घेतलं तर ती कोसळेल. म्हणून मी खडा खडा करत राहतो, पथ्याला शिव्या देतो. आमचं दोघांचं बरं चाललंय.

तुला मात्र बोलवायचं होतं. ये म्हणून लिहिलं असतं तर तिचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून त्या चार ओळी लिहिल्या. हलला नाही असं लिहिलं, चित्र नीट बघ असं लिहिलं, सावलीचं पण लिहिलं. वाटलं, माझा पोरगा सावल्या वाचतो, आठवड्याभरात दारात उभा राहील. मी रोज दाराकडे तोंड करून बसायचो. मग तुझं पत्र आलं, सही केली म्हणून.

त्या दिवशी वाईट वाटलं. लिहिणार नव्हतो, पण लपवून तरी आता काय करू. नंतर म्हटलं, बहिणीवर विश्वास ठेवला त्याने, त्यात त्याचं काय चुकलं.

आता जमलं तर ये. नाही जमलं तरी एक ऐक. मला माहीत होतं हे तिला कधीही सांगू नकोस. ती विचारेल. तिचा स्वभाव आहे. तू सांगू नकोस.

नाना


२६ मे

ठोंब्या,

जहाजावर निरोप पाठवला होता, कप्तानाने दिला असेलच. नाना तेवीस तारखेला दुपारी गेले. त्रास फार झाला नाही. मी उशाशी होते. सगळं उरकलं.

तुला आठ दिवस कमी पडले. मी मोजणार नव्हते, पण मोजले. तू बोलू नकोस माझ्याशी, हवं तर कधीच बोलू नकोस, मी समजेन. मी घरात एकटी बसते आणि तुझी सगळी पत्रं पुन्हा पुन्हा वाचते. "बॅग परत रिकामी केली" या ओळीपाशी दरवेळी थांबते.

एकच गोष्ट मला अजून उभी ठेवते आहे. शेवटपर्यंत नानांना काही कळलं नाही. आदल्या दिवशीसुद्धा म्हणाले, "हा खडा निघाला की तुझ्या दवाखान्याच्या दाराचं कुलूप बदलून देतो, भिकार आहे." तुझं मी नुकसान केलं, पण ते वाया गेलं नाही, असं मला वाटतं. मला तसं वाटून घेऊ दे.

पण काल शेजारच्या काकू बसायला आल्या आणि बोलता बोलता म्हणून गेल्या की नानांनी त्यांच्याकडे तुझ्यासाठी एक पाकीट दिलं होतं, मला न सांगता. मला झोप नाही. त्यांनी तुला काय लिहिलं होतं? त्यांना माहीत होतं का? तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. बोलायला मी तोंड ठेवलं नाही, तरी विचारते. खरं सांग.

ताई


७ जून
बंदरातल्या खानावळीच्या माडीवरून

ताई,

बदली माणूस आला तो टपालाची पिशवी घेऊनच. तुझी दोन पत्रं आणि नानांचं एक, तिन्ही एकदम हातात पडली. निरोप त्याआधीच मिळाला होता. मी जहाजावरून उतरलो, ही खोली घेतली आणि चार-पाच दिवस खिडकीतून नांगरलेल्या बोटी बघतोय. घरी येत नाही. पुढच्या रसदेच्या बोटीने माझ्या जहाजावर परत जाईन. मला पडद्यासमोर बसायचं आहे.

तुला माफ केलेलं नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू त्याच्या जोरावर वाचणार नाहीस. तू माझ्याकडून नानांबरोबरची एक गप्प संध्याकाळ काढून घेतलीस. ते कुलूप चाचपत बसले असते, मी समोर नुसता बसलो असतो, एवढंच. तेवढंच मला हवं होतं. आणि माझं तोंड म्हणशील, तर ते मी आवरलं असतं. तू मला संधीच दिली नाहीस, धरूनच चाललीस. तुमच्या यंत्रासारखं.

माझ्यावरही राग आहे. कागदावर सगळं होतं. दुसऱ्या कुणी पाठवलेलं असतं तर मी एका नजरेत ओळखलं असतं. ते तुझ्या हातचं होतं, म्हणून मी पाहिलंच नाही, नुसता सलाम ठोकत राहिलो.

आता तुझा प्रश्न.

हो, नानांचं पाकीट मिळालं. तू समजतेस तसं त्यात काही नव्हतं. अक्षर कापरं होतं, पण मजकूर नेहमीचा. पथ्याला शिव्या होत्या. तुझं सूप बेचव असतं म्हणून लिहिलं होतं, आणि हे तुला सांगू नको म्हणाले होते, म्हणून काकूंकडे दिलं. खड्याचा कंटाळा आलाय, एकदाचा काढून टाका म्हणत होते. तू फार करतेस माझं, असंही होतं. त्यांना काही माहीत नव्हतं ताई. शेवटपर्यंत नव्हतं.

ते पत्र मागू नकोस. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच आहे, मी ते कुणाला देणार नाही.

तुझं चित्र मात्र भिंतीवरून काढलं, ते सोबत परत पाठवतोय. काल बसून मी त्यात एक दुरुस्ती केली आहे. माझा हात तुझ्याइतका साफ नाही, दोनदा खोडावं लागलं. पण नीट बघ, गोळ्याच्या मागे आता सावली आहे.

ठोंब्या